चौदावा प्रश्न

फ्लूच्या मोजणी कक्षात तारखा चालत नाहीत, आठवडे चालतात. वर्षाचे बावन्न, एखाद्या वर्षी त्रेपन्न. मुलीचं लग्न ठरलं असं कोणी सांगितलं, तर कक्षातली माणसं आधी बोटांवर मोजतात आणि मग म्हणतात, "म्हणजे सतराव्यात. बरं झालं, हंगाम संपलेला असेल." रजेचा अर्ज मात्र तारीख घालूनच करावा लागतो, कारण आस्थापना विभाग दुसऱ्या मजल्यावर आहे आणि शास्त्र तेवढं वर पोचत नाही.

कक्ष हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, धुलाई विभागाला लागून. मधली भिंत बारा महिने कोमट असायची. हिवाळ्यात वरच्या मजल्यावरचे लोक काहीतरी काम काढून खाली यायचे आणि त्या भिंतीला पाठ लावून उभे राहायचे. लोकांना कक्षाचा तेवढाच एक सिद्ध झालेला उपयोग.

कक्षाचे प्रमुख टक्के. हे त्यांचं आडनाव नव्हे. बावीस वर्षं जो तो त्यांना एकच प्रश्न विचारत आला होता, "यंदा किती टक्के?", त्यामुळे खरं आडनाव ओळखपत्रापुरतं उरलं होतं. यंदाची फ्लूची लस किती चालली, हे मोजायचं त्यांचं काम. ऐकायला हे काम मोठं वाटतं. प्रत्यक्षात ते असं असतं: ताप आणि खोकला घेऊन जो कोणी बाह्यरुग्ण विभागात येईल, त्याच्या नाकात कक्षाच्या सिस्टर एक लांब काडी घालतात. माणूस डोळ्यांत पाणी आणून बसलेला असतानाच त्याला अठरा प्रश्न विचारतात. चौदावा प्रश्न: या हंगामात फ्लूची लस घेतली का? उत्तराला तीन चौकोन, हो, नाही आणि माहीत नाही. काडी प्रयोगशाळेत जाते. काहींच्या नाकात फ्लू सापडतो, काहींच्या सापडत नाही. ज्यांच्या सापडत नाही त्यांनाही ताप असतोच. कशाचा, ते कक्षाचं खातं नाही. मग टक्के दोन ढीग करतात. फ्लूवाल्यांत लस टोचलेले किती, बिनफ्लूवाल्यांत टोचलेले किती. दुसऱ्या ढिगात टोचलेले जास्त निघाले, तर लस चालली म्हणायची. किती चालली, तो आकडा.

हा आकडा हंगाम संपल्यावर येतो. तोपर्यंत ज्यांना फ्लू व्हायचा त्यांना होऊन गेलेला असतो, आणि पुढच्या वर्षीची लस कुठेतरी कोंबडीच्या अंड्यांत वाढायला लागलेली असते. टक्क्यांच्या आकड्याची वाट पाहत कोणीही थांबलेलं नसतं. त्यांची बायको एकदा म्हणाली होती, "गाडी गेल्यावर तिचा वेग सांगायची नोकरी आहे तुमची." टक्क्यांनी यावर विचार केला होता आणि त्यांना खोडून काढण्यासारखं काही सापडलं नव्हतं.

या वर्षी मात्र एक जण आकड्याची वाट पाहत होतं. टक्क्यांची थोरली बहीण, ताई.

त्याची सुरुवात चाळिसाव्या आठवड्यात झाली. अप्पा, म्हणजे त्यांचे वडील, चौऱ्याऐंशीचे, ताईकडेच राहायचे. ताई घरी शिवणकाम करायची. ती कापड कापण्याआधी तीनदा मापते, तशीच माणसांच्या बाबतीत. तिने अप्पांच्या लशीसाठी दवाखान्यात वेळ घेऊन ठेवली आणि भावाला कळवलं. कळवलं एवढंच, विचारलं नव्हतं. पण टक्क्यांना बावीस वर्षांत पहिल्यांदाच घरात कामाबद्दल बोलायची संधी मिळाली होती.

"एवढ्यात नको देऊ," ते म्हणाले. "लशीचा जोर महिन्याला सहा-सात टक्क्यांनी उतरतो. फ्लू येतो पन्नासाव्यानंतर. आत्ता दिलीस तर ऐन वेळी शिळी होईल. पंचेचाळिसाव्यात दे. ताजी राहील."

"नक्की ना?"

"मीच मोजलंय."

हे खरं होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांनीच मोजलं होतं. पण त्यांच्या अहवालात त्या सहा-सात टक्क्यांच्या बिंदूला वर-खाली एक दांडी होती. कक्षात प्रत्येक आकड्याला अशी दांडी असते. खरा आकडा या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही असू शकतो, असा तिचा अर्थ. आणि ती दांडी अर्ध्या पानाएवढी लांब होती. जोर उतरत असेल, नसेल, कदाचित चढतही असेल, असं ती प्रामाणिकपणे सांगत होती. बिंदूकडे पाहू नका, दांडीकडे पाहा, असं टक्के दर वर्षी नव्या डॉक्टरांना दीड तास शिकवायचे. स्वतःच्या बापाच्या वेळी त्यांनी बिंदू पाहिला.

ताईने वेळ रद्द केली. पंचेचाळिसाव्या आठवड्यात अप्पांना शिंका येत होत्या, म्हणून तिने ठरवलं, जरा बरे होऊ देत. शेहेचाळिसाव्यात भावोजींचा गुडघा आखडला आणि अप्पांना तीन मजले उतरवून न्यायला दुसरं कोणी नव्हतं. त्याच आठवड्यात, सगळा अनुभव बाजूला सारून, फ्लू महिनाभर आधीच आला. एकोणपन्नासाव्यात अप्पांना ताप भरला. ताईने त्यांना टक्क्यांच्याच हॉस्पिटलात आणलं, सिस्टरांनी त्यांच्याही नाकात काडी घातली, अठरा प्रश्न विचारले, आणि पन्नासाव्या आठवड्यात अप्पा गेले. ज्या आठवड्यात फ्लू यायचा होता, त्याच.

घरात कोणी टक्क्यांना काही बोललं नाही. हेच वाईट होतं. ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच गोष्ट सांगायची: "त्याने पंचेचाळिसावा आठवडा सांगितला होता हो. मीच नेलं नाही." चाळिसाव्यातली रद्द केलेली वेळ तिच्या गोष्टीत कुठेच नव्हती. टक्के शेजारी बसून चहा प्यायचे.

नव्या वर्षाच्या आठव्या आठवड्यात मोजणी सुरू झाली. पासष्टच्या वरच्या लोकांचे फॉर्म एकूण दोनशे बारा. त्यांतल्या एकोणीस जणांनी चौदाव्या प्रश्नाला "माहीत नाही" म्हटलं होतं. कक्षाचा नियम असा की "माहीत नाही" तसंच सोडायचं नाही. आधी लशीचं कार्ड शोधायचं, नाही मिळालं तर फॉर्मवर दिलेल्या नातेवाइकाला फोन करायचा. माणूस हयात आहे की नाही याचा नियमात उल्लेख नाही. लशीचा प्रश्न हयातीवर अवलंबून नसतो.

सिस्टर एकेक फोन लावत होत्या. सिस्टर निवृत्तीला आलेल्या, जाड भिंगांचा चष्मा, आणि आवाज असा की पलीकडच्याने खोटं बोलायच्या आधी दोनदा विचार करावा. सतरा फॉर्म हातावेगळे झाल्यावर त्या थांबल्या. अठरावा त्यांनी टक्क्यांच्या टेबलावर उलटा ठेवला.

"हा फोन तुम्ही करता की मी करू?"

टक्क्यांनी फॉर्म सुलटा केला. वय चौऱ्याऐंशी. निकाल: फ्लू आहे. चौदावा प्रश्न: माहीत नाही.

"यांना माहीत होतं," टक्के म्हणाले. "अप्पांचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं. तुम्ही नीट विचारलं नसेल."

"बावीस वर्षं मी नीट विचारत नाही, हे आज लक्षात आलं का तुमच्या?" सिस्टरांनी चष्मा काढून पुसला. "दोनदा विचारलं मी. पहिल्यांदा काही बोललेच नाहीत. तुमच्या ताई शेजारीच उभ्या होत्या, त्यांचा कोट हातात धरून. त्या पाणी आणायला गेल्यावर म्हणाले, माहीत नाही असं लिहा. मी म्हटलं, आजोबा, घेतली की नाही तेवढं आठवत असेल की. तर म्हणाले, आठवतंय. पण पोरीसमोर 'नाही' म्हणवत नाही."

भिंतीपलीकडे धुलाईचं मोठं यंत्र फिरायला लागलं.

"मला उत्तर माहीत आहे," ते शेवटी म्हणाले. "मी लिहून टाकतो."

"तुम्ही फॉर्मवरचे नातेवाईक नाही. फॉर्मवर ताईंचा नंबर आहे. ऐकीव माहिती घ्यायची नाही, हा नियम तुम्हीच केलात, तेही लाल अक्षरांत."

"मग राहू द्या माहीत नाही. एकोणिसांतला एक गाळला तर काय होतं?"

"काहीच होत नाही," सिस्टर म्हणाल्या. "मग आधीच्या सतरा जणांना तरी मी कशाला छळलं? एक बाई फोनवर वीस मिनिटं रडली. मी तिला म्हटलं, बाई, हो की नाही तेवढं सांगा."

टक्क्यांनी फोन लावला. शिवणयंत्राचा आवाज आधी आला, मग थांबला.

"बोल रे. या वेळी कसा काय?"

"ऑफिसातून बोलतोय."

"बरं."

"ताई, एक फॉर्म पुरा करायचाय. तसा नियम आहे, सगळ्यांनाच करतो. अप्पांनी…" त्यांनी फॉर्मवरचं वाक्य जसंच्या तसं वाचलं, कारण स्वतःचं वाक्य सुचेना. "या हंगामात फ्लूची लस घेतली होती का?"

पलीकडे कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"नाही," ताई म्हणाली. "नाही लिही."

टक्क्यांनी चौकोनात फुली मारली.

"लिहिलंस?"

"लिहिलं."

"का नाही, ते लिहायला जागा आहे का?"

"नाही."

"मग बरंय." मग तिने तो प्रश्न विचारला, जो ती दहा आठवडे इतर सगळ्यांना विचारत होती आणि ज्याचं उत्तर फक्त याच्याकडे असणार अशी तिची समजूत होती. "घेतली असती तर वाचले असते का रे? तुझ्याकडे येतो ना तो आकडा?"

आकडा अजून यायचा होता. तो आल्यावरही अप्पांचं काय झालं असतं हे तो सांगणार नव्हता. आकडा गर्दीबद्दल बोलतो, माणसाबद्दल कानावर हात ठेवतो. हे टक्के दीड तासात समजावून सांगू शकले असते. सिस्टर समोर बसून त्यांच्याकडे पाहत होत्या.

"यंदाची लस फुकट गेली, ताई," ते म्हणाले. "शून्य. विषाणू एक आला, लस दुसऱ्याचीच होती. दिली असती तरी तेच झालं असतं."

"शून्य?"

"शून्य."

ताईने एवढा मोठा श्वास सोडला की तो फोनमधून सिस्टरांनाही ऐकू गेला असावा. "आधी का नाही सांगितलंस मेल्या," ती म्हणाली, आणि शिवणयंत्र पुन्हा सुरू झालं.

सिस्टरांनी एकोणिसावा फॉर्म उचलला. "मोजणी व्हायच्या आधीच निकाल लागला म्हणायचा," त्या कोणाकडेही न बघता म्हणाल्या. "आता सोपं झालं. शून्य येईल असं बघायचं फक्त."

त्यांनी ते चेष्टेत म्हटलं होतं. पण नंतरचे चार दिवस टक्के जे करत होते, त्याला दुसरं नाव नव्हतं. त्यांनी फसवाफसवी केली नाही. त्यांना ती येतही नव्हती. त्यांनी फक्त आशा केली. ताईसाठी शून्य, आणि थोडं खोलात जाऊन पाहिलं तर स्वतःसाठीही शून्यच, कारण लस पाण्यासारखी निघाली तर ती चाळिसाव्यात दिली काय आणि पंचेचाळिसाव्यात दिली काय. दोघा भावंडांना सोयीचा असा तो एकच आकडा होता. बावीस वर्षं ज्या लशीच्या बाजूने ते मनातल्या मनात बसायचे, तिच्या विरुद्ध ते पहिल्यांदाच बसले.

आकडा आला अडतीस. दांडी उणे चौदापासून सहासष्टपर्यंत.

म्हणजे लशीने शंभरातले अडतीस फ्लू टाळले असतील. किंवा सहासष्ट टाळले असतील. किंवा एकही नसेल. शून्य दांडीच्या आतच होतं, खालच्या टोकाकडे, अंग चोरून बसलेलं. टक्क्यांना ते दिसलं आणि बरं वाटलं. आपण अगदीच खोटं बोललो नाही. आपण दांडीच्या आतलं बोललो.

मग त्यांनी एक गोष्ट केली जी करायचं काही कारण नव्हतं. त्यांनी अप्पांचा फॉर्म बाजूला काढला आणि पुन्हा मोजलं. छत्तीस आलं. फॉर्म परत घातला, अडतीस. लस न घेतलेला आणि फ्लू झालेला एक माणूस आकडा वर ढकलतो, हे गणित त्यांना पाठ होतं. दोनशे बारा फॉर्म म्हणजे फारच थोडे. त्यात एक माणूस पुष्कळ होतो. अप्पा दोन टक्के होते. ताईने फोनवर "नाही" म्हटलं आणि लस दोन टक्क्यांनी सुधारली.

नवव्या आठवड्यात टक्के अहवाल घेऊन संचालकांकडे गेले. संचालकांची खोली पाचव्या मजल्यावर, तिथल्या भिंती थंड होत्या. संचालक पूर्वी हाडांचे डॉक्टर होते आणि मोडलेलं किंवा न मोडलेलं एवढ्यावर त्यांचं आयुष्य सुखात गेलं होतं.

"हे उणे चौदा काय आहे?"

"खालचं टोक आहे, साहेब."

"लस घेतली की फ्लू वाढतो असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"नाही साहेब. खात्रीने काही सांगता येत नाही, असं म्हणायचंय."

"मग सांगताय कशाला?" संचालकांना खरंच प्रश्न पडला होता. "टक्के, पुढच्या हंगामात लोकांनी लस घ्यायला हवी की नको?"

"हवी, साहेब."

"झालं तर. उणे चौदा वाचून कोण येणार? आपल्याच माणसाने आपल्याच पायावर धोंडा का मारून घ्यायचा?" त्यांनी पेन काढलं, अडतीसवर आडवी रेघ मारली, उणे चौदावर मारली, आणि उरलेल्या आकड्यापुढे एक शब्द लिहिला. "सहासष्ट टक्क्यांपर्यंत. 'पर्यंत' घातलं की सगळं येतं त्यात. तुमचे अडतीस येतात, उणे चौदा येतात. खोटं आहे का यात काही?"

टक्क्यांनी शोधलं. खोटं काहीच नव्हतं. आपणही फोनवर नेमकं असंच खरं बोललो होतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. आपण दांडीचं एक टोक घेतलं, साहेबांनी दुसरं. ते "बरं साहेब" म्हणाले आणि जिन्याने खाली आले.

रविवारी ते ताईकडे गेले. तिसरा मजला, दोन खोल्या. पुढच्या खोलीत खिडकीशी शिवणयंत्र, त्याच्या बाजूला अप्पांची खुर्ची. खुर्चीवर आता कापलेल्या कापडांच्या घड्या असायच्या. चालताना धरायची अप्पांची घोडी फ्रीजच्या कडेला मिटवून ठेवली होती आणि तिच्यावर दोन टॉवेल वाळत होते. त्या फोननंतरच्या दोन आठवड्यांत ताई जरा माणसात आली होती. ती पुन्हा गिऱ्हाइकांची नक्कल करून दाखवायची. त्या दिवशी तिने एका बाईची गोष्ट सांगितली, जिला कंबर दर वर्षी तीच सांगायची असते आणि ब्लाउज दर वर्षी आखडतो.

"तिला म्हटलं, टेप खोटं बोलतो म्हणता? मग टेपलाच घाला."

भावोजी खिडकीपाशी पाय लांब करून पेपर वाचत होते. भावोजींना पेपर मोठ्याने वाचायची सवय. बस आगारात पंचवीस वर्षं कर्ण्यावरून सूचना दिल्यामुळे मनातल्या मनात वाचलेलं त्यांना वाचल्यासारखं वाटत नसे.

"मेहुणे, तुमचं खातं आलंय की पेपरात," ते म्हणाले. "ज्येष्ठ नागरिकांमध्ये फ्लूची लस सहासष्ट टक्क्यांपर्यंत परिणामकारक. मोजणी कक्षाचा अहवाल. छान. नाव नाही छापलं तुमचं?"

टक्क्यांनी कप खाली ठेवला.

ताईने कापडाची घडी पुरी केली. "परत वाचा," ती म्हणाली.

भावोजींनी परत वाचलं, तितक्याच जोरात. मग त्यांनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं आणि पेपर मिटला. पण वाचलेलं मिटता येत नाही.

"तू शून्य म्हणाला होतास."

"ताई, ते वरचं टोक आहे. आकडा अडतीस आहे. आणि खाली उणे चौदापर्यंत…"

"उणे चौदा म्हणजे?" भावोजींनी विचारलं. "न घेतलेली बरी?"

"तसं नाही हो. म्हणजे फॉर्मच थोडे होते. नक्की किती ते कळत नाही."

"पेपरवाल्यांना कळलं की."

"त्यांनी 'पर्यंत' लिहिलंय. पर्यंतमध्ये शून्यही येतं."

"माझ्याकडे कोणी बाही कोपरापर्यंत सांगितली," ताई म्हणाली, "तर मी कोपरापर्यंतच शिवते. खांद्यालाच थांबून, यातही पर्यंत आहे, असं सांगत नाही." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. ती मनात माप घेत होती, हे टक्क्यांना तिच्या नजरेवरून कळलं. "शंभरातले सहासष्ट. म्हणजे तिघांतले दोघं. अप्पा त्या दोघांत बसले असते."

"असं एका माणसाला लावता येत नाही."

"मग कुणाला लावायचं?"

टक्क्यांकडे याचं उत्तर होतं, पण ते शासकीय होतं. त्याऐवजी जे दहा-बारा आठवडे घशात होतं, ते त्यांनी बाहेर काढलं.

"ताई, चाळिसाव्या आठवड्यातली वेळ तूच घेतली होतीस. मी रद्द करायला लावली. पुढे ढकल असं मी म्हटलं. तेव्हा दिली असती तर वेळेत झाली असती. चूक माझी आहे, तुझी नाही."

ते बोलून झाल्यावर हलकं वाटेल असं त्यांना वाटत होतं. ताईने त्यांच्याकडे पाहिलं, लहानपणी ते पडून आले की पाहायची तसं. कुठे लागलंय ते शोधत.

"मला बरं वाटावं म्हणून बोलतोस तू."

"नाही गं. खरंच तसं झालं. आठवून बघ."

"शून्यसुद्धा मला बरं वाटावं म्हणूनच होतं ना?"

भावोजी उठून गॅलरीत गेले. गुडघा दुखत असतानाही गेले.

"चहा निवला तुझा," ताई म्हणाली. "दुसरा टाकते."

टक्क्यांनी तो दुसरा चहा पूर्ण प्यायला. अप्पांनी "माहीत नाही" का लिहायला लावलं, तेही तिला सांगावं असं त्यांच्या मनात आलं होतं. पण आता आपल्या तोंडून निघालेलं काहीही बरं वाटावं म्हणूनच असणार, अशी तिची खात्री झाली होती, आणि अप्पांनी तर ते खरोखरच बरं वाटावं म्हणूनच केलं होतं. त्यांनी कप विसळून ठेवला आणि निघाले.

उन्हाळा गेला. संचालकांना सहासष्टबद्दल कौतुकाचं पत्र आलं. त्याची एक प्रत कक्षाच्या कोमट भिंतीवर लावली. चिकटपट्टी उष्णतेने सुटायची आणि पत्र दर दोन दिवसांनी खाली यायचं. सिस्टर ते पुन्हा लावायच्या. निवृत्त व्हायला त्यांना एकच हंगाम उरला होता.

एकेचाळिसाव्या आठवड्यात टक्क्यांनी ताईला फोन केला. या वेळी त्यांनी आठवडा मोजला नाही, जोर मोजला नाही.

"लस आलीय. तू आणि भावोजी या आठवड्यातच घेऊन टाका. मी गाडी घेऊन येतो."

"कोणती आलीय?" ताईने विचारलं. "शून्यवाली की सहासष्टवाली?"

"ताई."

"ह्यांना घेऊन जा तू. ह्यांचा गुडघा आहे."

"आणि तू?"

"माझं बघते मी," ती म्हणाली. शिवणयंत्र मध्ये थांबलं नव्हतं.

भावोजींनी लस घेतली आणि तीन दिवस दंड धरून सगळ्या जिन्याला सांगितली. ताईची चौकशी टक्क्यांनी नंतर दोनदा केली. दोन्ही वेळा गिऱ्हाइक आलेलं होतं.

नव्या वर्षाच्या दुसऱ्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, टक्के मागच्या खोलीत काड्यांचे डबे मोजत होते. पुढे सिस्टरांसमोर नेहमीसारखी खोकणाऱ्यांची रांग. त्यांना आधी खोकला ऐकू आला आणि मग आवाज. ताईने भावाला फोन केला नव्हता, सरळ येऊन रांगेत बसली होती. वय अठ्ठावन्न, ताप तीन दिवस, खोकला. सिस्टरांनी तिला ओळखलं असणार, पण ओळख दाखवली नाही. रांगेतल्या माणसाला रांगेतल्यासारखंच वागवायचं, हा त्यांचा नियम, आणि तो टक्क्यांच्या नियमांहून जुना होता. काडी झाली. एक ते तेरा प्रश्न झाले. टक्के दाराआड डबा हातात धरून उभे राहिले.

"या हंगामात फ्लूची लस घेतली का?"

ताईने मांडीवरच्या पिशवीचा बंद सोडला, पुन्हा बांधला. सिस्टरांनी, बावीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच, उत्तर सुचवलं.

"आठवत नसेल तर 'माहीत नाही' असा पण चौकोन आहे."

"नको," ताई म्हणाली. "नाही लिहा. माहीत नाही लिहिलं की घरी फोन येतो."

सिस्टरांनी फुली मारली आणि पंधरावा प्रश्न विचारला.

निकाल दोन दिवसांनी आला. ताईच्या नाकात फ्लू नव्हता. साधंच काहीतरी होतं, ज्याचं खातं वेगळं. तिचा फॉर्म बिनफ्लूवाल्यांच्या ढिगात गेला, न टोचलेली म्हणून. अशी माणसं आकडा खाली ओढतात. पण पासष्टच्या आतले फॉर्म हजारांवर असतात, त्यात एका माणसाचं वजन ते काय. हंगाम संपल्यावर मोजणीच्या वेळी टक्क्यांनी तिला घालून मोजलं, मग काढून मोजलं. दोन्ही वेळा तेच आलं.